पथ्यापथ्याचें एक सुटें पान

(१)

गेल्या वर्षीं चैत्रांत आमचे एक जुने स्नेही खारव्याचा एक रुमाल घेऊन आमच्या घरीं आले. हे गृहस्थ सरकारी नोकरींतून निवृत्त झालेले. घराणें पिढ्यान्‌पिढ्या कुळकर्णाचें. दोन महिन्यांपूर्वीं डॉक्टरांनीं त्यांस मधुमेहाचा विकार असल्याचें सांगितलें होतें, आणि तेव्हांपासून काय खावें व काय खाऊं नये याविषयीं ते भेटेल त्यास पुसत होते. रुमालांतून मोडी अक्षराचें एक सुटें पान काढून त्यांनीं आमच्यापुढें ठेविलें व ते म्हणाले, "मास्तर, हें आमच्या मूळ पुरुषाच्या वेळचें, म्हणजे शिवकालीन पान आहे. आमचे पूर्वज काय खात व काय वर्ज्य करीत तें यांत लिहिलें आहे. आतां डॉक्टरांचा कागद बाजूस ठेवून मी याप्रमाणेंच जेवणार. तुम्ही एकदां नीट वाचून द्या."

पान सुमारें नऊ इंच लांब व चार इंच रुंद असून अक्षर घाईचें आहे. मथळा 'पथ्यापथ्य' एवढाच. शक नाहीं, मिती नाहीं, लिहिणाराचें नांव नाहीं. डाव्या बाजूस पथ्याची यादी: जुने तांदूळ, जव, मूग, पडवळ, दोडके, कारलें, आवळा, ताक, सैंधव. उजव्या बाजूस अपथ्याची: नवें धान्य, उडीद, दहीं, गूळ, बटाटा, भुईमूग, तांबडी मिरची, चहा. पाठीमागें जोंधळे व मूग यांच्या खरेदीचा अर्धवट हिशेब. बस्स, एवढाच मजकूर.

स्नेह्यांचे प्रश्न दोन होते. पान किती जुनें, हा पहिला. आणि त्याबरहुकूम जेवावें कीं नाहीं, हा दुसरा. पहिला संशोधकाचा व दुसरा वैद्याचा, असें प्रथमदर्शनीं वाटतें. परंतु विचार करूं लागलों तों या दोहोंचा निकट संबंध आहे असें आम्हांस दिसून आलें. आणि ज्यांच्या घरीं असे रुमाल आहेत त्या वाचकांस त्याचा उपयोग होईल म्हणून तो विचार येथें मांडीत आहों.

(२)

प्रथम काळाचा प्रश्न. मितीवांचूनच्या कागदाचा काळ ठरवितांना आपण कागद, शाई, अक्षराचें वळण व मायने पाहतों. अन्नविषयक कागदांत आणखी एक साधन असतें व त्याकडे आपलें पुरेसें लक्ष गेलेलें नाहीं. तें म्हणजे पदार्थांचीं नांवें. उजव्या बाजूच्या शेवटच्या चार शब्दांकडे पाहावें. बटाटा, भुईमूग व मिरची या तिन्ही वनस्पतींची मूळ भूमि अमेरिका खंड होय. वास्को द गामा १४९८ सालीं कालिकतास पोंचला व १५१० सालीं गोवें पोर्तुगीजांच्या हातीं गेलें. त्यानंतरच्या दळणवळणानेंच या वनस्पति आपल्या किनाऱ्यास लागल्या. 'बटाटा' हा शब्दच पोर्तुगीजांच्या तोंडचा आहे. काजू, अननस, पपई, पाव हे शब्दही त्याच वाटेनें मराठींत आले. अबुल फजलनें सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या 'आईन-इ-अकबरी'त बादशाही मुदबखान्यांतील पदार्थांचीं प्रमाणें दिलीं आहेत. त्यांत मिरीं आहेत, मिरची नाहीं.

आतां कोणी म्हणेल कीं, शिवकाल तर सोळाव्या शतकानंतरचा. मग या तीन शब्दांनीं काय अडतें? खरेंच आहे. नुसत्या मिरचीनें पान शिवकालीन नाहीं असें सिद्ध होत नाहीं. निर्णायक शब्द चौथा आहे. आसामांत चहाचीं रानटी झाडें इंग्रजांच्या नजरेस आलीं तीं १८२३ च्या सुमारास. आसाम कंपनी निघाली १८३९ सालीं. आणि चहाच्या प्रसारासाठीं कर बसविणारा कायदा झाला १९०३ सालीं. महाराष्ट्रांतील सामान्य घरांत चहा शिरला तो एकोणिसाव्या शतकाच्या उतरत्या काळांत. यापूर्वींही परदेशी व्यापाऱ्यांच्या वखारींत कोणी चहा घेत असेल; पण वैद्य एखादा पदार्थ वर्ज्य म्हणून सांगतो तो केव्हां? रोगी तो रोज घेत असेल तेव्हां. जें घरांत येतच नाहीं तें कोणी निषेधीत नाहीं. म्हणून निषेध हा प्रचाराचा पुरावा समजावा. या न्यायानें आमच्या स्नेह्यांचें पान एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापलीकडे नेतां येत नाहीं.

हें ऐकून ते काहींसे खिन्न झाले. मूळ पुरुषाशीं जोडलेला धागा आम्हीं तोडला असें त्यांस वाटलें असावें. परंतु गोष्ट येथें संपत नाहीं. डावी बाजू अजून पाहावयाची आहे.

(३)

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील पांचवा अध्याय 'मात्राशितीय' या नांवाचा आहे. नित्य सेवन करण्यास योग्य असे पदार्थ तेथें सांगितले आहेत, ते असे: साठीचे तांदूळ व शालि, मूग, सैंधव, आवळा, जव, पावसाचें पाणी, दूध, तूप, जांगल प्राण्यांचें मांस व मध. आमच्या पानाच्या डाव्या बाजूशीं ही यादी ताडून पाहिली असतां तांदूळ, मूग, जव, आवळा व सैंधव हे पांच पदार्थ जसेच्या तसे जुळतात. तांदूळ 'जुने' असावेत हा आग्रहही संहितेचाच; नवें धान्य जड व वर्षभर ठेवलेलें धान्य हलकें, असें सत्ताविसाव्या अध्यायांत आहे. उजव्या बाजूचे पहिले शब्दही असेच जुने आहेत. दहीं व उडीद नित्य खाऊं नयेत असें त्याच पांचव्या अध्यायांत सांगितलें आहे; आणि प्रमेहाच्या कारणांत बसून राहण्याचें सुख, झोपेचें सुख, दहीं, नवें धान्य व गुळाचे पदार्थ हीं चिकित्सास्थानांत गणिलीं आहेत.

म्हणजे एका पानावर दोन काळ नांदत आहेत. डावी बाजू व उजवीचा आरंभ दीड-दोन हजार वर्षांच्या परंपरेंतून आलेला. उजवीचा शेवट जेमतेम सव्वाशें-दीडशें वर्षांचा. लिहिणारा वैद्य संहिता जाणत होता, पण रोग्याच्या घरांतील ताटही पाहत होता. जुन्या यादीस त्यानें नवे शब्द जोडले, आणि तसें करण्यांत आपण परंपरा सोडतों असें त्यास वाटलें नाहीं. आमच्या मतें या पानाचें महत्त्व यांतच आहे. तें शिवकालीन असतें तर केवळ जुनें म्हणून मौल्यवान ठरलें असतें. आतां तें परंपरा कशी चालते याचें साक्षीदार म्हणून मौल्यवान आहे.

(४)

अशा शब्दांवरून काळ ठरवितांना चार गोष्टी ध्यानांत ठेवाव्या, असें आमचें सांगणें आहे.

पहिली: नवागत पदार्थाचें नांव कागदाची पूर्वमर्यादा देतें, उत्तरमर्यादा देत नाहीं. ज्यांत मिरची आहे तो कागद मिरची येण्यापूर्वींचा नव्हे, इतकेंच सिद्ध होतें. किती अलीकडचा, तें दुसऱ्या पुराव्यानें ठरवावें.

दुसरी: नांव नसणें हा पुरावा नव्हे. निघंटुकार व नकलाकार जुन्या याद्या श्लोकबद्ध उतरीत आले. शेतांतून नाहींसें झालेलें धान्य श्लोकांत सुखानें नांदतें. उलट भावमिश्राच्या 'भावप्रकाशां'त फिरंगरोग व त्यावरील चोपचिनी यांचा उल्लेख आहे. त्यावरून तो ग्रंथ पोर्तुगीजांच्या आगमनानंतरचा हें ठरतें. हे दोन शब्द त्यांत नसते तर बाकीच्या मजकुरावरून कोणीही त्यास कितीही मागें ढकललें असतें.

तिसरी: नांवें एका वस्तूवरून दुसरीवर जातात. संस्कृत 'आलुक' म्हणजे कंदाची एक जात; उत्तरेकडे आज 'आलू' म्हणजे बटाटा. म्हणून जुन्या पोथींत आलुक दिसतांच बटाटा समजणें हा दोष होय. 'रक्तालु' हें एका देशी कंदाचें नांव. तें 'रताळें' होऊन अमेरिकेंतून आलेल्या कंदास चिकटलें. 'मरिच' म्हणजे मिरीं. त्याच शब्दापासून 'मिरची' हें नव्या फळाचें नांव झालें. दुध्या भोपळा जुना, तांबडा भोपळा नवा. नांव मात्र दोघांचें एकच. भुईमुगानें तर मुगाचें नांव उसनें घेतलें. नवी वस्तु जुन्या नांवानें घरांत शिरली कीं दोन पिढ्यांत ती आजेपणजांच्या वेळची ठरते. एकादशीच्या फराळाचें ताट पाहावें: बटाटा, भुईमूग, हिरवी मिरची, आणि ज्याचें मूळ दक्षिण अमेरिकेंतील त्या कंदापासून आज तयार होणारा साबूदाणा. व्रत प्राचीन, पदार्थ नवे. यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. पण ताटासच प्राचीन म्हणूं नये.

चौथी: जे अन्नविषयक कागद टिकले ते बहुधा सणासमारंभाचे. लग्न, मुंज, श्राद्ध, मेजवानी यांच्या याद्या खर्चाचा हिशेब द्यावा लागे म्हणून राहिल्या. रोज सकाळीं चुलीवर काय शिजलें तें कोणी लिहून ठेवीत नाहीं. तेव्हां मेजवानीची यादी वाचून 'पूर्वज असें जेवीत' असें म्हणणें म्हणजे दिवाळीच्या फराळावरून वर्षाचें जेवण ठरविणें होय.

(५)

या चौथ्या मुद्द्याचें एक मोठें उदाहरण देतों. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लासा'ची रचना बाराव्या शतकाच्या दुसऱ्या चरणांतील. त्यांतील अन्नभोगाच्या प्रकरणांत मंडक, पूरिका, इडरिका, वटिका इत्यादि पदार्थांच्या कृति दिल्या आहेत. मंडक म्हणजे आपले मांडे. इडरिका उडदाच्या पिठाची होती. आजच्या इडलीप्रमाणें तींत तांदूळ नव्हते. त्याच प्रकरणांत मांसाचे नानाविध प्रकार आहेत, भाजलेल्या उंदरांचाही एक आहे. आपल्यास रुचेल तेवढें घेऊन बाकीचें झांकून ठेवणें इतिहासकारास शोभत नाहीं. पण हें राजाचें ताट आहे. त्याच काळीं त्याच मुलुखांत जोंधळ्याची भाकरी थापणाऱ्या बाईचें ताट या ग्रंथांत नाहीं.

जोंधळ्याची गोष्ट विशेष मनोरंजक आहे. देशावरील माणसाचें मुख्य अन्न जोंधळा. परंतु चरकाच्या अन्नपानविध्यध्यायांत शूकधान्यवर्गांत 'जूर्णाह्व' हें नांव सांवा वगैरे क्षुद्र धान्यांच्या गर्दींत अगदीं शेवटीं येतें, व त्याचे गुण सांव्यासारखे एवढेंच म्हटलेलें आहे. टीकाकार त्याचा अर्थ जोंधळा असा करितात. संहिता ज्या प्रदेशांत रचली गेली तेथें तें मुख्य धान्य नव्हतें. मग आपले देशावरील पूर्वज शास्त्राविरुद्ध जेवीत होते कीं काय? तसें नव्हे, कारण संहितेनेंच त्याचें उत्तर देऊन ठेविलें आहे.

दृढबलानें पूर्ण केलेल्या चिकित्सास्थानाच्या तिसाव्या अध्यायांत देशपरत्वें सात्म्य सांगितलें आहे. बाह्लीक, पह्लव, यवन, शक यांस मांस व गहूं, पूर्वेकडील लोकांस मासे, सिंधुदेशीयांस दूध, अश्मक व अवंतीच्या लोकांस तेल व आंबट, मलयवासीयांस कंद, मुळें, फळें, दक्षिणेकडे पेया, मध्यदेशांत जव, गहूं व गोरस. अश्मक म्हणजे गोदातीरचा प्रदेश. म्हणजे आपल्या गोदाकांठच्या लोकांची तेलाची फोडणी व आंबटाची आवड शास्त्रकारास ठाऊक होती, आणि ती मोडावी असें त्यानें म्हटलेलें नाहीं. मासे नित्य खाऊं नयेत असें सूत्रस्थानांत आहे, आणि पूर्वेकडील लोकांस तेच सात्म्य असेंही येथें आहे. हा विरोध नव्हे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या संवयीनें जें अंगीं लागलें त्याचा मान ठेवून मग वैद्यानें बोलावें, असा त्याचा आशय.

परंतु संवय म्हणून सर्वच गोष्टींस शास्त्रकार मान देत नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायांत पिंपळी, क्षार व मीठ या तीन वस्तूंचा अतिरेक करूं नये असें सांगून त्यानें उदाहरणें दिलीं आहेत. बाह्लीक, सौराष्ट्र, सिंधु व सौवीर येथील लोक दुधाबरोबरही मीठ खातात. अतिलवणानें शरीरास ग्लानि व शैथिल्य येतें, केस अकालीं गळतात व पिकतात, सुरकुत्या पडतात. पूर्वेकडील व चिनी लोकांच्या क्षारसेवनाचा दोषही त्यानें तेथेंच दाखविला आहे. येथें ग्रंथकार कोणत्याही पूर्वीच्या वचनाचा आधार घेत नाहीं. लोक काय खातात व त्यांस काय होतें तें पाहून बोलतो. जागतिक आरोग्य संघटना आज प्रौढ माणसानें दिवसाकाठीं पांच ग्रॅमहून कमी मीठ खावें असें सांगते. तिचीं कारणें निराळीं, मोजमापें निराळीं, पण पाहून बोलण्याची रीत तीच.

(६)

मराठी मुलुखाशीं व माणसांशीं संबंध असलेले असे ग्रंथ आणखीही आहेत. तंजावरच्या एकोजीची राणी दीपाबाई हिच्या आश्रयास असलेल्या रघुनाथ गणेश नवहस्त या पंडितानें 'भोजनकुतूहल' रचलें. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे कै. परशुराम कृष्ण गोडे यांनीं त्याचा काळ १६७५ ते १७०० असा ठरविला. गोडे यांनीं जिलबी, हरभरा, मका अशा वस्तूंचा इतिहास पोथ्यांतील एकेका उल्लेखावरून लावून दाखविला, तेव्हां पुष्कळांस तो विषय क्षुल्लक वाटला असेल. आज त्या लेखांवांचून या विषयांत पाऊल टाकतां येत नाहीं. पुढें तंजावरासच सरफोजी राजे (१७९८–१८३२) यांच्या काळचें 'शरभेंद्र पाकशास्त्र' मराठींत झालें. शिवकालीन 'राजव्यवहारकोशां'तील भोग्यवर्ग व पण्यवर्गही या दृष्टीनें पुन्हां वाचण्यासारखे आहेत. छापखान्याच्या युगांत १८७५ सालीं 'सूपशास्त्र' व १९१० सालीं लक्ष्मीबाई धुरंधर यांचें 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' हीं पुस्तकें निघालीं. या सर्वांतून पदार्थांचीं नांवें काढून कालानुक्रमें लावलीं, तर आपलें ताट कसकसें बदलत आलें याचा एक उत्तम नकाशा तयार होईल. हें काम एकट्याचें नव्हे, मंडळांचें आहे.

या सर्व ग्रंथांत पदार्थ बदलत असतां न बदलणारें असें कांहीं आहे काय? आहे, आणि तेंच खरें पूर्वजांचें देणें होय. चरकानें आहाराचीं आठ आयतनें सांगितलीं: प्रकृति, करण, संयोग, राशि, देश, काल, उपयोगसंस्था व उपयोक्ता. वस्तूचा स्वभाव, तिजवरील संस्कार, कशाशीं मिसळली, किती घेतली, कोठली, केव्हां, कोणत्या नियमानें व खाणारा कोण, असा त्यांचा अर्थ. यांत एकाही धान्याचें नांव नाहीं. पोटाचे तीन भाग कल्पून एक घन अन्नास, एक द्रवास व एक वातादि दोषांस राखावा, असें विमानस्थानांत आहे. वाग्भटानें 'अष्टांगहृदयां'त चार भाग कल्पून दोन अन्नास, एक पेयास व एक वायूस दिला. पूर्वींचें अन्न जिरल्यावर जेवावें, ऊन ऊन जेवावें, फार घाईनें वा फार सावकाश जेवूं नये, बोलत-हंसत जेवूं नये, अन्नावर चित्त ठेवावें. हे नियम जव खाणारास लागू, जोंधळा खाणारास लागू, आणि उद्यां एखादें नवें धान्य आलें तर तें खाणारासही लागू.

(७)

आतां स्नेह्यांचा दुसरा प्रश्न. या पानाप्रमाणें जेवावें काय? आम्हीं त्यांस स्पष्ट सांगितलें कीं, डॉक्टरांचा कागद बाजूस ठेवण्याचा सल्ला हें पान देत नाहीं. हें पान कोणा एका वैद्यानें, कोणा एका रोग्यास, त्याचें वय, प्रकृति व ऋतु पाहून दिलेलें आहे. उपयोक्ता बदलला कीं पथ्य बदलतें, हें संहितेचेंच मत. तो वैद्य आज असता तर त्यानें रक्तांतील साखरेचा आंकडा पाहूनच लेखणी उचलली असती, कारण चहा पाहून चहा लिहिणारा तो माणूस होता. मात्र पानाच्या पाठीशीं असलेल्या शास्त्रांतून घेण्यासारखें पुष्कळ आहे. प्रमेहांत जव मुख्य अन्न म्हणून सांगितले आहेत. आणि सुश्रुतानें निर्धन प्रमेहरोग्यास पायांत वहाणा व डोक्यावर छत्री न घेतां शंभर योजनें चालावयास, गाई राखावयास किंवा विहिरी खणावयास सांगितलें आहे. बैठें सुख कमी करावें हा त्यांतला मतलब आजच्या डॉक्टरांच्या सांगण्याहून निराळा नाहीं. शंभर योजनांचें प्रमाण मात्र आमच्या वयास कोणी लावूं नये.

याच संदर्भांत एक अलीकडची गोष्ट सांगतों. गेल्या शतकांत कुन्नूर येथील प्रयोगशाळेंत मॅक्कॅरिसन यांनीं हिंदुस्थानांतील निरनिराळ्या लोकांचे आहार पांढऱ्या उंदरांच्या टोळ्यांस खाऊं घालून त्यांची वाढ मोजली. शीख आहार पहिला, पठाण दुसरा, मराठा तिसरा आणि सडलेल्या तांदुळावर भिस्त ठेवणारा मद्रासी आहार शेवटचा, असा त्यांचा क्रम आला. कोंड्यासकट दळलेलें धान्य, दूधदुभतें, डाळी व ताजी भाजी यांस त्यांनीं श्रेय दिलें. ही परंपरा पुढें हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेकडे गेली. ज्या भरड धान्यांस आपण मध्यंतरीं गरिबाचें अन्न म्हणून नाक मुरडलें त्यांच्या नांवें २०२३ हें आंतरराष्ट्रीय वर्ष पाळलें गेलें. संहितेच्या यादींत अगदीं शेवटीं बसलेल्या जूर्णाह्वास असा मान मिळावा, यांत धान्याचा गुण बदललेला नाहीं. पाहणाराची दृष्टि बदलली.

(८)

शेवटीं एक कबुली देणें भाग आहे. सुमारें तीस वर्षांपूर्वीं आम्ही शाळेंत संस्कृत शिकवीत असतां एका परिचिताच्या माजघरांतील दोन पेट्या चाळून देण्याचें काम आमच्याकडे आलें होतें. सनदा, निवाडपत्रें, वतनाचे कागद, दोन पोथ्या आम्हीं मोठ्या आस्थेनें वेगळ्या काढल्या. बाकी राहिलेल्या ढिगांत लोणच्याचें प्रमाण, बाळंतिणीच्या खुराकाची यादी, वैद्यांच्या चिठ्या, वाणसामानाचे हिशेब असले कागद होते. "हें घरगुती आहे, ठेवण्याजोगें नाहीं," असें आम्हींच सांगितलें, आणि तो ढीग बंबांत गेला. त्या दिवशीं आम्हांस कसलाही खेद झाला नाहीं. आज एका सुट्या पानाच्या चार शब्दांवर इतकें लिहावयास मिळालें तेव्हां त्या ढिगांत किती शब्द जळाले याची कल्पना येते. जे कागद वाचले ते हक्कांचे. जे गेले ते जगण्याचे. विशेषतः घरांतील स्त्रियांच्या ज्ञानाचा जो थोडा लेख झाला असेल तो अशाच कागदांत होता.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, रुमाल सोडतांना घरगुती कागद वेगळा काढून टाकूं नये. तो ज्या बस्त्यांत सांपडला त्याचें नांव व जागा लिहावी. पाठपोट दोन्ही बाजूंची नक्कल करावी, कारण मागील हिशेबावरून पुढील मजकुराचा काळ लागतो. पदार्थांचीं नांवें कागदावर आहेत तशींच उतरावीं, 'मिरीं' असेल तेथें 'मिरची' असें सुधारूं नये. वजनें-मापें पायली-शेरांत असतील तर तशींच ठेवावीं. आणि घरांत ऐंशी-नव्वद वर्षांची कोणी वृद्धा असेल तर कागद तिला वाचून दाखवावा. कोशांत न सांपडणारा शब्द पुष्कळदां तिच्यापाशीं सांपडतो.

आमच्या स्नेह्यांनीं तें पान परत नेलें. तें शिवकालीन नाहीं हें त्यांनीं मान्य केलें, तरी मूळ पुरुषाचें नसलें तरी आजोबांचें असेल या विचारानें त्यांचें समाधान झालें. कारण त्यांचे आजोबा चहाचे मोठे शोकी होते व अखेरीस त्यांचा चहा वैद्यानें तोडला होता, असें त्यांच्या वडील बहिणीनें सांगितलें. हल्लीं ते डॉक्टरांनीं ठरवून दिलेल्या मापानें जोंधळ्याची भाकरी, मूग व पडवळ खातात, आणि रोज सकाळीं नदीपर्यंत चालत जातात. डॉक्टरांचा कागद व वैद्याचें पान दोन्ही एकाच रुमालांत बांधून ठेविलीं आहेत. आमच्या मतें योग्य जागा तीच.